बांधावरची पत्रं : पुतण्याची पिशवी

दिवाळीनंतरच्या अंकात जवसावर लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकून गेलो होतो, की धाग्यासाठी आणि बियांसाठी भांगही एकेकाळी शेतात पेरली जायची. बास. हुमणीवर आठ वर्षांत जेवढी पत्रं आली नसतील तेवढी या एका वाक्यावर आली. काही अभ्यासू, काही भाबडी, आणि एका पत्रात तर 'बी कुठे मिळेल ते खाजगीत कळवा' असं लिहून खाली मोबाइल नंबर. त्या गृहस्थांना उत्तर इथेच देतो : नाही. बाकीच्यांसाठी आजचं अख्खं पान या एका झाडाला.

'उष्ण-कोरड्या हवेसाठी खास वाण' म्हणून बी आलंय. करार करू का?

पारनेर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं पत्र. साडेतीन एकर मुरमाड रान, विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी. पुतण्या पुण्यात नोकरीला. त्याने एका कंपनीचं गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक आणि मूठभर बी आणून दिलंय. औद्योगिक हेम्प, म्हणजे धाग्या-बियांसाठीची भांग, नशा शून्य, पाणी जवळजवळ लागत नाही, उत्पन्न उसाहून जास्त, माल कंपनी बांधावरून उचलणार. 'पिशवी सध्या देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आहे,' असंही लिहिलंय.

पाटील, आधी पिशवी त्या खणातून काढा आणि पुतण्याच्या हातात परत द्या. नुसतं बी घरात असणं हा गुन्हा नाही. कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांपासून सुटं असलेलं बी आणि पान त्यात धरत नाहीत. पण तेच बी मातीत टाकलं की गोष्ट बदलते. १९८५चा अमली पदार्थांचा कायदा 'हेम्प' नावाचं वेगळं झाड ओळखत नाही. कॅनाबिस, म्हणजे भांगेच्या, वंशातलं कुठलंही रोप, त्याच्या लेखी एकच. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आणि कलम ४६ तर जमीनधारकालाच बांधतं : आपल्या रानात कुणी बेकायदा लागवड केली असेल तर त्याने ताबडतोब पोलिसांना कळवायचं. म्हणजे माहीत असून 'पुतण्याने पेरलं, मी नाही' म्हणत गप्प बसणं चालणार नाही. सातबाऱ्यावर नाव तुमचं आहे, पुतण्याचं नाही.

धाग्यासाठी आणि बियांसाठी लागवडीची परवानगी देण्याची सोय त्याच कायद्यात आहे, कलम १४ मध्ये. उत्तराखंडने तिचा उपयोग करून २०१८ साली पौडी भागात पहिला परवाना दिला. नशेचं द्रव्य, म्हणजे टीएचसी, ०.३ टक्क्यांच्या आत हवं, ही त्यातली अट. तेव्हा कंपनीवाल्याला साधा प्रश्न विचारा : परवाना कुणाच्या नावाचा, कुठल्या गटासाठी, कुणाच्या सहीचा? तो कागद दाखवण्याऐवजी त्याने पुन्हा माहितीपत्रक पुढे केलं, तर चहा पाजा आणि रस्ता दाखवा.

हे झालं कायद्याचं. पण मी वनस्पतीशास्त्राचा मास्तर, माझं खरं भांडण त्या माहितीपत्रकातल्या 'उष्ण-कोरड्या हवेसाठी खास' या शब्दांशी आहे.

तुम्ही पाकिटावरचं नाव लिहून पाठवलंत ते बरं केलंत. ते युरोपातलं धाग्याचं वाण आहे. तिकडे जूनमध्ये दिवस सोळा तासांचा असतो. हे झाड घड्याळावर चालतं : दिवस मोठा असेतोवर उंच वाढत राहायचं, दिवस आखडू लागला की फुलावर यायचं. आपल्या नगरचा अक्षांश एकोणीस. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस घेतला तरी सव्वातेरा तास. तिकडचं बी इथे उगवलं की त्याला पहिल्या आठवड्यापासून वाटतं, आता हिवाळा आला, उरका. गुडघाभर होतं न होतं तोच फुलावर येतं. धागा कशाचा काढणार? चपलेच्या अंगठ्याला पुरेल एवढा निघेल.

यात मी स्वतः पोळलोय, म्हणून सांगतो. भांगेत नव्हे, कांद्यात. थोरली लेक नोकरीनिमित्त युरोपात होती, तिने कांद्याचं एक पाकीट आणलं. वर चित्र काय, नारळाएवढा कांदा! मी निवृत्त प्राध्यापक, घरामागे तीन वाफे, पोरांना जन्मभर दिवसमान शिकवलेलं. तरी चित्राला भुललो. पात अशी माजली की शेजारचे बघायला यायचे. मार्च गेला, एप्रिल गेला. एक रोप उपटलं तर खाली गाठ म्हणून नाही, लसणीच्या पातीसारखी नुसती जाड मान. तो लांब दिवसाचा कांदा, आपल्याकडे त्याला हवा तेवढा दिवस कधी मिळालाच नाही. सौ.ने त्या पातीची पीठ पेरून भाजी केली आणि चार दिवस 'प्राध्यापकांचा कांदा' म्हणून वाढली.

तुमच्या पाकिटात तेच होणार, फक्त उलट्या बाजूने. कांद्याला दिवस पुरला नाही म्हणून गाठ धरली नाही, हे दिवस पुरला नाही म्हणून अवेळी फुलेल.

आणि 'पाणी लागत नाही' हे? धाग्याच्या भांगेला चांगलं यायला हंगामात पाचशे ते सातशे मिलीमीटर पाणी लागतं. आपल्या जिल्ह्याचा वर्षाचा पाऊसच साडेपाचशे-सहाशेच्या घरातला, त्यात मोठा वाटा सप्टेंबरात कोसळणारा. या झाडाचं सोटमूळ खोल जातं हे खरं, पण त्यासाठी खाली भुसभुशीत माती हवी. तुमच्या रानात वीतभर मातीखाली मुरूम. मूळ जाणार कुठे? ऊस लावलात तर निदान पाणी खातोय हे दिसतं तरी. हे पीक पाणी खाणार आणि माहितीपत्रक नाही म्हणणार.

राहिलं उत्पन्न. ०.३ची रेघ सोपी नाही. काढणीला उशीर झाला, फुलोरा पिकत गेला, की टीएचसीचा आकडा वर सरकतो. अमेरिकेत परवान्याची पिकंसुद्धा या रेघेपलीकडे गेली म्हणून नष्ट करावी लागली आहेत. तिथे शेतकऱ्याचं नुकसान झालं. तुमच्याकडे परवानाच नसेल तर नुकसानीपाशी गोष्ट थांबणार नाही.

भांगेतली इंडिका कोरड्या हवेची आणि सटायव्हा दमट हवेची, हे खरं का?

पुण्याहून कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विचारलंय. मित्राने मोबाइलवर तक्ता दाखवला म्हणे.

बाळा, तक्ता बंद कर आणि नावं कुणी ठेवली ते बघ. लिनियसने १७५३ साली 'कॅनाबिस सटायव्हा' म्हटलं, ते युरोपातल्या धाग्याच्या झाडाला. १७८५ साली लामार्कने 'कॅनाबिस इंडिका' म्हटलं, ते आपल्या इकडून गेलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे खरी इंडिका ही हिंदुस्थानातली : उंच, फांद्या सुटलेल्या, पानांच्या पट्ट्या बोटाएवढ्या अरुंद, उशिरा फुलणारी. आज बाजारी भाषेत इंडिका म्हणतात ती मात्र अफगाणिस्तानाकडची बुटकी, रुंद पानांची, राळेने, म्हणजे टीएचसी असलेल्या चिकाने, चिकट झालेली. आणि आपल्याकडची मूळ इंडिका तुझ्या तक्त्यात सटायव्हाच्या रकान्यात बसवलेली असणार. बारशाचं नाव एकाचं, आधार कार्ड दुसऱ्याच्या हातात. तिसरी रुडेरालिस, १९२४ साली रशियात वर्णन केलेली. ती दिवसमानाकडे बघतच नाही, वयात आली की फुलते. या तीन वेगळ्या जाती की एकाच जातीची तीन रूपं, यावर वनस्पतीशास्त्रज्ञांची आजही जुंपते. मी एकच जात मानणाऱ्यांतला, कारण सगळ्यांचा एकमेकांशी संकर होतो आणि पुढची पिढी सुपीक निघते.

कोरड्या हवेचं म्हणशील तर अफगाण झाड हवेच्या कोरडेपणाला सरावलेलं आहे, मातीच्या नव्हे. बल्ख, मझारकडे ते कालव्याच्या पाण्यावर वाढतं. डोक्यावर कोरडं ऊन, पायाशी पाणी. त्याचा फुलोरा गच्च असतो, कोरड्या हवेत तो टिकतो. आपल्या परतीच्या पावसात असला गच्च फुलोरा बुरशीने काळा पडेल. दख्खनच्या जुन्या वाणाचा फुलोरा सैल, वारा खेळता, आणि तो पाऊस सरल्यावर कोरड्या थंडीत पिकणारा. उष्ण प्रदेशातली दोघंही, पण सवयी वेगळ्या.

राळ उन्हामुळे वाढते का, असंही विचारलंयस. १९८७ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात जास्त अतिनील प्रकाश दिल्यावर गांजाच्या वाणात टीएचसी वाढलं, धाग्याच्या वाणात वाढलं नाही. म्हणजे ऊन असलेल्यात भर घालतं, नसलेलं आणून देत नाही. परीक्षेत एवढं लिहिलंस तर पुरे.

मोरोक्कोत डोंगरभर ही शेतं पाहिली. तिथे चालतं मग इथे का नाही?

ठाण्याच्या एका ताईंचं पत्र. सहलीत शेफशाऊएन नावाच्या निळ्या भिंतींच्या गावाला गेल्या होत्या. गाडीतून डोंगरउतारावर हिरवे तुकडे दिसले, चालक हसून म्हणाला 'कीफ', म्हणजे तिकडचा गांजा. ताई, प्रश्न तुम्ही सहज विचारलात, पण मला या महिन्यातला हाच सगळ्यात आवडला.

तुम्ही पाहिलात तो रीफ डोंगर. तिथलं जुनं देशी वाण 'बेल्दिया' म्हणून ओळखतात. बेल्दिया म्हणजे आपल्या भाषेत गावठी. कोंबडी गावठी असते तसं. उंची कमी, राळ कमी, पण तिथल्या पाण्याशी जन्माची ओळख. आता तिथलं पाणी कसं ते बघा. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्याच्या पोटातून येतो, जून ते सप्टेंबर. रीफमध्ये पाऊस हिवाळ्यात. उन्हाळा ठणठणीत कोरडा. शेतकरी हिवाळा सरताना, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला बेल्दिया टाकतो. जमिनीत मुरलेली ओल आणि वसंतातल्या चार सरी यांच्यावर रोप वाढतं. खरा उन्हाळा पेटला की ते फुलून, पिकून मोकळं, जुलै-ऑगस्टमध्ये काढणी. पाट नाही, मोटर नाही.

नगर-सोलापूरच्या वाचकांना हे वेगळं समजावायची गरज नाही. आपली मालदांडी दुसरं काय करते? पावसाळा सरला, काळ्या रानात ओल कोंडली, की हस्ताच्या मागेपुढे पेरायची. वरून थेंब पडला तर प्रसाद, नाही पडला तरी ज्वारी त्या कोंडलेल्या ओलीवर कणसाला येते. मोहोळच्या केंद्रात निवडून काढलेली ३५-१ तुमच्या आजोबांनी पेरली असेल, अजून लोक पेरतात. भाकरी तिचीच पांढरी. बेल्दिया ही रीफची मालदांडी.

आम्ही वर्गात शिकवायचो, कोरडवाहू पिकाचे दोन स्वभाव. एक दुष्काळ सोसणारं : पानं मिटतं, वाढ थांबवतं, वाट बघतं. दुसरं दुष्काळाला चकवणारं : तो दारात यायच्या आत आपलं काम आटोपून निघून जातं. बेल्दिया दुसऱ्या जातकुळीची. म्हणून 'उष्ण-कोरड्या हवेचं वाण' हे शब्द नुसते उच्चारले तर मी विचारतो, पाणी कुठल्या महिन्यात येतं? तेवढं सांगा, मग वाणाचं बोलू. रीफचं बी पारनेरात मार्चमध्ये टाकलं तर जमिनीत ओल कुठली? जूनमध्ये टाकलं तर त्याच्या घड्याळात जून म्हणजे उरकण्याची वेळ.

पुढची गोष्ट वाईट आहे, आणि ओळखीची. हशीशच्या, म्हणजे राळेपासून केलेल्या नशेच्या मालाच्या, धंद्याला बेल्दियाची राळ पुरेना. मग बाहेरची संकरित वाणं आली. त्यातल्या एकाचं नाव 'खर्दाला'. उतारा भरघोस, पण पाण्याला हावरं, आणि हंगामही लांब, थेट कोरड्या उन्हाळ्यात शिरणारा. डोंगरात विंधनविहिरी, पंप, काळे पाइप. ओढे आटले. गावांत पाण्यावरून भांडणं. आपण पर्जन्यछायेत ऊस लावून जे केलं तेच त्यांनी केलं, फक्त पीक वेगळं. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत मोरोक्कोत १,३४,००० हेक्टरवर ही लागवड आढळली होती. पुढे क्षेत्र खूप घटलं, पण संकरित बियाण्यामुळे राळ त्या मानाने घटली नाही.

आता कायद्याचं. तुम्ही पाहिलेली सगळी शेतं कायदेशीर होती असं समजू नका. २०२१ साली मोरोक्कोने औषधी आणि औद्योगिक वापरापुरती लागवड खुली केली, तीही अल होसैमा, शेफशाऊएन आणि ताउनात या तीनच प्रांतांत, परवान्याने. २०२३ साली पहिलं कायदेशीर पीक निघालं, २९४ टन. ऑगस्ट २०२४ मध्ये राजाने अशा लागवडीच्या खटल्यांत अडकलेल्या ४,८००हून अधिक शेतकऱ्यांना माफी दिली. आणि मला जे खरं बोलण्यासारखं वाटतं ते हे, की परवान्याच्या व्यवस्थेत बेल्दियालाही जागा मिळाली. ज्या वाणाला 'कमी उताऱ्याचं' म्हणून हिणवलं, तेच पाणी संपल्यावर आठवलं. मालदांडीलाही आम्ही विद्यापीठवाल्यांनी मधली काही वर्षं असंच नाक मुरडलं होतं. मी त्यात होतो.

लेबनॉनच्या बेका खोऱ्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. तिकडेही २०२० साली औषधी आणि औद्योगिक कारणांसाठी कायदा झाला. मी ते खोरं पाहिलेलं नाही, रीफही नाही. वाचून आणि विद्यार्थ्यांकडून ऐकून सांगतोय. तुम्ही पाहून आलात, तुमचा हेवा वाटतो.

आपल्या भागात भांग पूर्वीपासून होती याला पुरावा काय?

छत्रपती संभाजीनगरहून निवृत्त संस्कृत शिक्षकांनी हे विचारलंय. 'शंकराला वाहतात' याच्या पलीकडे काही असेल तर सांगा, अशी अटही घातलीय.

गुरुजी, पुरावा तुमच्या कपाटात आणि तुमच्या गावाबाहेर, दोन्हीकडे आहे. कपाटातला पाणिनी काढा. पाचव्या अध्यायाचा दुसरा पाद, चौथं सूत्र : विभाषा तिलमाषोमाभङ्गाणुभ्यः. तीळ, उडीद, उमा म्हणजे जवस, भंगा आणि अणु हे बारीक धान्य, यांच्या शेताला काय म्हणावं याचा नियम. भांगेचं शेत ते भङ्ग्य किंवा भाङ्गीन. व्याकरणकाराला शेताचं नाव बांधावं लागलं, म्हणजे ते शेत लोकांच्या रोजच्या बोलण्यात होतं. तिळाच्या आणि उडदाच्या रांगेत बसलेलं, चारचौघांसारखं पीक. अथर्ववेदात भंग पाच वनस्पतींच्या यादीत आहे ते तुम्ही मला शिकवावं, मी नव्हे.

गावाबाहेरचा पुरावा वेरूळला. पुरातत्त्व खात्यातले निवृत्त रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि तुमच्याच विद्यापीठातले वनस्पतीशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. गिलाव्यात भांगेचे तंतू सापडले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि तिथल्या चित्रांचं किड्यांनी बरंच नुकसान केलंय. वेरूळच्या गिलाव्याला तशी कीड लागलेली नाही. भांगेच्या तंतूंनी कीड दूर ठेवली असावी, असा त्यांचा निष्कर्ष. ताडून बघायला त्यांनी ताजे नमुने आणले ते एक दिल्लीच्या बाहेरून आणि दुसरा जालन्याजवळून. जालना! मराठवाड्याच्या त्या कोरड्या मातीत हे झाड आजही आपणहून उगवतं. वेरूळचे गवंडी काही हिमालयात माणूस पाठवत नसणार.

आजोबा म्हणायचे नगर जिल्ह्यात सरकारी गांजा पिकायचा. थाप का?

नेवाशाहून एका वाचकाने विचारलंय. थाप नाही. इंग्रज सरकारने १८९३ साली हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं, अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सात सभासद, त्यांतले तीन हिंदी. ११९३ साक्षी, १८९४ साली सात खंडांचा अहवाल. बंगालात नौगाव, मध्य प्रांतात खंडवा, आणि मुंबई इलाख्यात मुख्यतः आपला नगर जिल्हा, अशी लागवडीची ठिकाणं त्यात आहेत. लागवडीवर सरकारचं नियंत्रण, मालावर सरकारचा कर. तेव्हा 'सरकारी' म्हणजे सरकारने पेरलेला नव्हे, सरकारने पैसे घेतलेला. नगरकडचा माल पायाने तुडवून चपटा करत. बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, बंदी नको, असा कमिशनचा कल होता. हे वाचून कुणी मला 'बघा, सरकारच म्हणतं' असं लिहू नका. ते सरकार गेलं. आता कायदा १९८५चा आहे, आणि एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प' धरला तरी अल्प म्हणजे माफ नव्हे.

त्या काळचं नगरी बियाणं मात्र कुठल्या बियाणे पेढीत जपलेलं मला आढळलं नाही. शंभर वर्षं या हवेत निवडत गेलेलं वाण होतं ते. नशेचं जाऊ द्या, पण ज्या बियाला आपला पाऊस पाठ होता ते गेलं याची मला हळहळ वाटते.

दुकानात 'हेम्प सीड' विकतात. खावं का?

नाशिकच्या एका वाचक ताईंसाठी थोडक्यात : नोव्हेंबर २०२१ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बी, बियांचं तेल आणि पीठ खाण्यासाठी मान्य केलंय. बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही, तेलात १०. परवाना क्रमांक छापलेलं पाकीट घ्या. चवीला आपल्या कारळ्याच्या जवळपास. कुमाऊंत एका घरी मी याची चटणी खाल्लीय : बाईने लोखंडी तव्यावर बी तडतडेपर्यंत भाजलं, पाट्यावर मीठ-मिरचीबरोबर वाटलं, वर मोठं लिंबू पिळलं. टरफल दातात येतं. किंमत बघता मी कारळ्याचीच करतो. आणि उत्तराखंडात 'भंगजीरा' मिळतो तो निराळा, तुळशीच्या कुळातला.

गावातल्या शेतात गांजा आहे की अंबाडी, हे कसं ओळखावं?

शिरपूर भागातल्या पोलीस पाटलांनी विचारलंय. तुमच्याकडे कापसात, तुरीत दडवून लावलेली झाडं पकडल्याच्या बातम्या येतात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. कलम ४७ प्रमाणे अशी खबर देणं गावच्या अधिकाऱ्यांवर बंधनकारकही आहे. पण निरपराध माणूस गोत्यात येऊ नये, म्हणून नीट बघा.

अंबाडीचं शास्त्रीय नावच 'हिबिस्कस कॅनाबिनस', भांगेसारख्या पानांची जास्वंद. इंग्रज तिला 'डेक्कन हेम्प' म्हणत. लांबून दोघींची पानं पंज्यासारखी दिसतात. जवळ जा. अंबाडीचं पान एकच असतं, खोल कातरलेलं, पण देठापाशी जोडलेलं. भांगेच्या पट्ट्या सुट्या, देठाच्या टोकाला एका बिंदूत येऊन मिळणाऱ्या, कडा करवतीसारख्या. अंबाडीच्या खोडावरून बोट फिरवलं तर बारीक काटे टोचतात. फूल भेंडीसारखं, फिकट पिवळं, आत गडद जांभळा डोळा. भांगेला दिसण्यासारखं फूल नसतंच, हिरवे तुरे. शेवटची परीक्षा पान चुरगळून : भांगेचा उग्र वास बोटांना तासभर राहतो. अंबाडीला वास नाही, जिभेवर ठेवली तर आंबट.

माझ्या नोकरीच्या काळात आमच्या प्रक्षेत्राच्या बांधावर अंबाडीची ओळ होती. एके दिवशी जीप आली, दोन शिपाई उतरले. कुणीतरी कळवलं होतं. मी समजावतोय, ते ऐकेनात. थोरला म्हणाला, मास्तर, आम्हाला गांजा कळत नाही का? शेवटी मी एक शेंडा खुडला, अर्धा तोंडात टाकला, अर्धा त्याच्यापुढे धरला. तो जरा बिचकला, मग चावला. डोळे बारीक झाले. 'आयला, अंबाडी की!' म्हणाला. धाकट्याने विचारलं, कण्या घालता का साहेब हिच्यात? आमच्या मजूर बाईने सांगितलं, ज्वारीच्या कण्या, डाळ, वरून लसणाची फोडणी, आणि तेल हात राखून नाही घालायचं. जाताना जीपमध्ये दोन जुड्या गेल्या. पंचनामा झाला नाही.

पारनेरच्या पाटलांना जाता जाता : त्या मुरमाड तुकड्यात काही करायचंच असेल तर पहिल्या पावसावर ताग टाका आणि फुलावर यायला लागला की गाडा. तीन वर्षं करा, मग मला माती दाखवायला या.

पुढच्या अंकात हुमणी. अळीचा फोटो पाठवताना शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, नाहीतर आकार कळत नाही.